बोकोबाचं रक्त

प्रिय चिमणे,

फोनवर तू नुसतं बरं म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या आईची मांजर, मखमल, माझ्या मांडीवर आहे. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात तिला कायमचं झोपवायचं ठरलंय, तुझ्याच परवानगीनं, आणि मला या सगळ्याचाच संशय येतोय.

मला शंकेखोर म्हणता ना सगळे? म्हणा. ताप उतरेना, खाणं सुटलं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायातून रक्त काढलं. नळीवरची चिठ्ठी मी वाचून घेतली. शेजारच्या टेबलावरचं मांजरही करडंच होतं. अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो? रिपोर्ट आला तुझ्या काकांच्या मोबाइलवर. त्यांनी पॉझिटिव्ह एवढाच शब्द वाचला आणि डॉक्टरीणबाईंना न विचारता तुला फोन लावला, की तिला तो मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार झालाय. तू रडत म्हणालीस, हाल नकोत, झोपवा, आणि लगेच दवाखान्यालाही तसं कळवून मोकळी झालीस. एका जिवाचा निकाल इतक्या झटपट!

मग काकांचंच वागणं मला खटकायला लागलं. एरवी पाणीसुद्धा हातानं न घेणारा माणूस, टोपली घेऊन गुपचूप बाहेर पडतो काय, बाल्कनीत हळू आवाजात बोलतो काय! सोफ्यावरच्या केसांवरून त्यांची कुरकुर जुनीच. मला वाटलं, मखमलची ब्याद लवकर टळावी म्हणून घाई चाललीये. परवा दारातच अडवलं आणि टोपली उघडली, तर आत आमचा बोकोबा! पायाला कापूस चिकटवलेला, चेहरा असा की जगबुडी झाली. काका चोरासारखे उभे. त्याला लागण झाली असेल या भीतीनं त्यांनी माझ्या नकळत त्याचंही रक्त तपासायला दिलं होतं.

आणि काल काय आलं असेल? बोकोबाही पॉझिटिव्ह! रिपोर्टातला आकडा मखमलपेक्षा जास्तच. आणि हा गडी दोघांचं जेवण एकटा फस्त करून पडद्यावर चढतोय. मी तशीच मखमलला टोपलीत घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं होतं, तू सगळं समजून घेऊन ठरवलंस. त्या म्हणाल्या, या तपासणीतून एवढंच कळतं की त्या जातीचा विषाणू कधीतरी अंगात शिरलाय. तो पुष्कळ मांजरांच्या पोटात निमूट राहतो, एखादीवरच उलटतो. म्हणून रक्तातली प्रथिनं, पेशी, पोटात पाणी साठलंय का, हे सगळं जोडून बघावं लागतं. मी खनपटीला बसले, तेव्हा त्यांनी मखमलचं पुन्हा रक्त घेतलं. प्रथिनांचं प्रमाण बिघडलंय. खोटं कशाला सांगू, तो आजार असूही शकतो. पण असला तरी आता त्यावर औषध आहे आणि पुष्कळ मांजरं त्यानं उठून बसतात.

आता शेवटचा संशय, आणि तो तुझ्यावर आहे. भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारणारी तू, मखमलबद्दल एकही विचारला नाहीस. आईच्या वेळी रिपोर्टांची वाट बघून बघून तू वाळून गेली होतीस. पुन्हा दवाखान्यातल्या तसल्या बाकावर बसायचं तुझ्या जिवावर आलंय, हो ना? नको बसूस. मी बसेन, आणि काकांनाही बसवेन. तू फक्त दवाखान्यात फोन कर आणि परवानगी मागे घे, एवढंच मागायला हे लिहितेय. मला तुझा राग नाही गं. तुझी आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मीही सांगत होते, सुटली बिचारी. साफ खोटं होतं ते. मला ती अजून हवी होती.

तुझीच,
मावशी