बारानंतरचं जेवण

२ मे २०२५, सकाळ
कोडोलीजवळच्या विहारात श्रामणेर शिबिर सुरू. दहा दिवस अंगावर भिक्खूंचं चीवर, पहाटे ध्यान, दुपारी बारानंतर अन्न नाही. शाहूपुरीतून निघताना आईनं डोळे पुसले. म्हणाली, आपल्या घरातला तू पयला, जमंल न्हवं? म्हटलं, बँकेत एवढी वर्षं काढली, हे काय अवघड? मुंडण झालं. डोकं शोभतं.

२ मे, संध्या. ७
भूक. दुपारी संयमानं भात कमी घेतला, तो नडला.

३ मे
विहारातल्या भन्तेंनी ग्रंथातलं जुनं भाकीत सांगितलं. काळ सरेल तसा धम्माचा ऱ्हास होणार. आधी ज्ञानप्राप्ती थांबणार, मग आचरण, मग पठण, शेवटी नुसतं मुंडण आणि चीवर उरणार. बाकीचे गंभीर झाले. मला हलकं वाटलं. ध्यानात बटाटेवडे दिसतात, हा दोष माझा नाही, काळाचा आहे.

४ मे
बँकेत ऑडिट लागलंय, असं भन्तेंना सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. चीवर परत दिलं. विचारायला हवं होतं त्यांनी.

५ मे, जयसिंगपूर
इतक्या लवकर घरी कसं जाणार? कॉलेजचा मित्र राजशेखर याच्याकडे उतरलोय. शिबिर संपेपर्यंत साधना इथूनच. घर लिंगायतांचं, मटण नाही, म्हणजे टेक्निकली जीवहत्या न करण्याचं पहिलं शील चालू आहे. रात्री नऊला भाकरी, आमटी, शेंगाचटणी. राजशेखर म्हणाला, लेका, आईला फोन तरी कर की. म्हटलं, शिबिरात फोनला बंदी असते. नियम म्हणजे नियम.

८ मे
पहाटे चारचं ध्यान ठरलं होतं. जाग साडेआठला. रात्री आमरस होता. आईची आठवण आली, वाटी बाजूला सारली. थोड्या वेळानं परत ओढली.

११ मे
उद्या बुद्धपौर्णिमा, उद्याच घरी. केस वाढलेत, सलूनमध्ये पुन्हा मुंडण करून घेतलं. ही फसवणूक नाही. भाकितानुसार या काळात एवढंच शक्य आहे. तरी आरशात बघवेना.

१२ मे, शाहूपुरी, रात्री ८
आई पांढऱ्या साडीत दारात उभी. मी वाकायच्या आत तीच माझ्या पाया पडली. उठताना तोल गेला, बायकोनं सावरलं. बायको म्हणाली, तुम्ही गेल्यापासनं आईंनी बारानंतर घास खाल्ला न्हाय. दोनदा घेरी आली, तरी ऐकंनात. माझं पोरगं उपाशी ऱ्हातंय, मी कशी जेवू, म्हणायच्या.

सगळं सांगून टाकणार होतो. तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं हात जोडले. जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं. म्हणाली, आता रातचं जेवू का मी? तुमी सांगाल तसं.

म्हटलं, जेव.

तिनं आधी मलाच वाढलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.