थंड पाण्याची टाकी

८ एप्रिल १९७४
…त्या सकाळीही मी तांदूळ धुतले, मिसोचं सूप ठेवलं, ह्यांचा डबा बांधला. निघताना ह्यांनी शेगडीकडे बोट रोखून खणखणीत म्हटलं, "गॅस बंद, ठीक!" कारखान्यातली सवय. तिथे एकाने बोट दाखवून म्हणायचं आणि बाकीच्यांनी तेच पुन्हा म्हणायचं. मी हसले होते. दुपारी कारखान्यातलं रसायनाचं मोठं भांडं तापून फुटलं. हे आणि आणखी पाच जण गेले.

तीन वर्षांनी आज मिझुशिमात नवी नोकरी. नव्या कारखान्यांचे आराखडे करतात त्या विभागात झाडपूस आणि चहा. खिडकीतून समुद्र दिसतो. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. खोलीच्या मधोमध नव्या कारखान्याचं प्लास्टिकचं मॉडेल आहे, त्यात नखाएवढे सहा कामगारसुद्धा. ते बनवणारे म्हातारे नुमाता-सान म्हणाले, धूळ पुसा, पण माझ्या पोरांना शिंक येऊ देऊ नका.

१२ एप्रिल
विभागप्रमुख कुवाबारा-सान दिवसभर नकाशावर वाकलेले असतात. वाफ कमी, पाइप कमी, खर्च कमी. ह्यांची पुस्तकं मी शब्दकोश घेऊन वाचली आहेत, त्यामुळे नकाशा थोडा कळतो. आज त्यांनी थंड पाण्याची टाकी खोडली. भांडं बेफाम तापलं तर आतला माल तिच्यात सोडतात. म्हणाले, जुन्या कारखान्यात अकरा वर्षांत एकदाही लागली नाही, कशाला पोसायची? ह्यांच्या कारखान्यातली टाकीही असंच म्हणून काढली होती. मी तसं बोलले. ते हसले. "हात्सुए-सान, चहा गार होतोय. तो सांभाळा, टाकी आम्ही बघतो."

नुमाता-सानांनी मॉडेलमधली टाकी चिमट्याने उपटली.

१६ एप्रिल
पुसायला गेले तर सहाही बाहुले त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभे. नुमाता-सान म्हणतात, गोंदाने चिकटवलेत, वळतील कसे?

१९ एप्रिल
त्यांनी सरळ केले होते. आज पुन्हा वळलेत. एकाचा हात वर, बोट रोखलेलं. डावा खांदा जरा उतरता. ह्यांचा होता तसा.

२३ एप्रिल
त्या बोट रोखलेल्या बाहुल्याला हात लावला. चटका. बोटावर फोड आला. कुवाबारा-सान म्हणाले, उन्हाने तापलं असेल. आज दिवसभर पाऊस —

२५ एप्रिल
उद्या मंजुरी. कागदावर सगळ्यांचे शिक्के पडले. प्रत्येक जण आधीचा शिक्का बघतो नि आपला मारतो. कुवाबारा-सानांचा तेवढा उरला. मग बांधायला घेणार. मग त्यात सहा माणसं —

२७ एप्रिल
काल लिहवलं नाही. परवा दिवा मालवून पडले. काल मंजुरीच्या वेळी मी एवढंच केलं. चहाचा ट्रे खाली ठेवला, सगळ्यांसमोर मॉडेलपाशी गेले, बोट रोखलं आणि मोठ्याने म्हणाले, "टाकी — नाही!"

खोलीत कुणीही ते पुन्हा म्हटलं नाही. कुवाबारा-सानांचा शिक्का कागदावर टेकणारच होता. तेवढ्यात मॉडेलमधून, बारीक, सहा आवाज: "टाकी — नाही!" एकदम. त्यात ह्यांचा —