स्क्रीनवरची सुलोचना

मंगळवार, संध्याकाळ

कस्टमर केअरवर आलेला आजचा एक फोन डोक्यातून जातच नाहीये. देवगडच्या एक बाई शेजारणीच्या मोबाइलवरून बोलत होत्या. त्यांचं सिम बंद पडलंय. "झील बोटीर आसा गो बाय, तेचो फोन त्याच नंबरार येता." मुलगा बोटीवर, म्हणून घाई. मी ठरलेला प्रश्न विचारला, तुमचं नाव सांगा. म्हणाल्या, मंगल. माझ्या स्क्रीनवर सुलोचना.

मला तेव्हाच कळलं. आमच्याकडे लग्नात नवरा तांदळात नवं नाव लिहितो, जुनं माहेरच्या कागदांवर राहतं. सिम त्याच कागदांवर घेतलेलं असणार. लग्नाआधीचं नाव काय, एवढंच विचारायचं होतं. पण ग्राहकाला उत्तर सुचवायचं नाही असा नियम; तेही सुचवणंच झालं, आणि कॉल रेकॉर्ड होतो. नोकरी जाईल. म्हणून मी आपली शुद्ध मराठीत, "नाव जुळत नाही, मॅडम."

"चाळीस वर्सां माका मंगलच म्हणतत. आता दुसरा नाव खयसून हाडू?"

तीनदा मंगल. तिसऱ्यांदा सिस्टीमने सिम सुरू करायची विनंती बंद केली. सुलोचना स्क्रीनवर तशीच. काय करायला हवं होतं मी? खोकून इशारा द्यायचा?

ड्युटी घरूनच असते; ती संपल्यावर हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेले. आई बांगडे साफ करत होती.

"आई, लग्नाआधी तुझा नाव काय होता?"

"सुमती," तिने मान वर न करता, एका क्षणात सांगितलं. "कित्याक गो?"

त्या बाईंनीही एका क्षणातच सांगितलं असतं.