वरच्या मजल्याची अंतर्गत बाब

३ मार्च
लहानपणी शेजारी मारामारी सुरू झाली की आई खिडकी लावून म्हणायची, आपण गेलो तर आपलंच डोकं फुटेल. आज ऑफिसात हेच वाक्य कामी आलं. शांतिसेनेच्या आंतरराष्ट्रीय युतीत आपला देश सामील का होणार नाही, यावर परराष्ट्रमंत्र्यांचं भाषण मला लिहायचंय. सचिव म्हणाले, नकार असा हवा की नकार वाटता कामा नये. म्हटलं, सर, त्यात माझा हात कोणी धरणार नाही.
संकल्प: आठवड्यात ड्राफ्ट. मग प्रमोशन.

५ मार्च, सकाळ
धाकटी बहीण आमच्या वरच्याच मजल्यावर राहते. काल मेहुण्यांनी तिला केस धरून जिन्यातून ओढत नेलं. बायको म्हणाली, अहो, वर जा ना! मी म्हटलं, ती त्यांची अंतर्गत बाब आहे. पण गप्प बसलो नाही. मेहुण्यांना फोन करून चिंता व्यक्त केली. ते थँक्यू म्हणाले. संबंध उत्तम.

९ मार्च
धाकटीचं मनगट मोडलं. कपाटाच्या दारात चेचलं. आमच्या खात्यात पायऱ्या ठरलेल्या आहेत: चिंता, गंभीर चिंता, तीव्र चिंता. पायरी गाळली की शब्दाला वजन राहत नाही. म्हणून आज गंभीर. बायकोने विचारलं, तीव्रला काय, मढं लागतं?
तिला खात्याचं कामकाज कळत नाही.
भाषण रंगतंय. 'परक्या भांडणात आपली माणसं का मरावीत?' धाकटी परकी नाही, पण हा मुद्दा भाषणात कुठे बसत नाही.

१२ मार्च
आमच्या घरी समझोता घडवून आणला. बायकोने चहा करायला नकार दिला, मीच केला. अटी: मेहुण्यांनी हात उगारायचा नाही, धाकटीने उलट बोलायचं नाही. दोघांना एकेक अट, हिशेब बरोबर. धाकटी म्हणाली, दादा, मी बोलते आणि हे मारतात, तुला सारखंच वाटतं? म्हटलं, मध्यस्थाला बाजू नसते. तिने प्लास्टरच्या हाताने कप माझ्याकडे परत सरकवला.
संध्याकाळी वर भांडी आपटली. नंतर बहुतेक धाकटी. समझोता नवा आहे, रुळेल.

१५ मार्च
भाषण झालं! टाळ्या! मेहुणे खास खाली आले. म्हणाले, 'दुसऱ्याच्या घरात शिरून शांतता आणता येत नाही', वा, मनातलं लिहिलंत! घरात लेखनाची कदर असणारे तेच एक. हात मिळवला तेव्हा त्यांच्या बोटांची सालटी निघालेली दिसली. विचारलं नाही.

१६ मार्च, दुपार
धाकटी वर किंचाळली. बायको इस्त्री उचलून निघाली. मी दारापर्यंत गेलो होतो. मेहुण्यांनी बायकोच्या कपाळावर खुर्ची घातली, तिने त्यांच्या खांद्यावर इस्त्री. धाकटीने प्लास्टरचा हात त्यांच्या तोंडावर हाणला, दात पडले. हे सगळं नंतर कळलं. मला दाराच्या फटीतून फक्त पायऱ्या उतरणारं रक्त दिसलं, आमच्या पायपुसण्यापर्यंत आलेलं. तीव्र चिंता व्यक्त केली. कोणी ऐकली नाही, कारण दार मी आतून लावलं होतं.

१७ मार्च
बायकोला टाके. दोघी सासूबाईंकडे गेल्या. मेहुण्यांनी पोलिसांना सांगितलं, बायकांनीच हल्ला केला, मी तर गरीब माणूस. साक्षीला माझं नाव दिलंय. म्हणाले, आमचे मेहुणे तटस्थ आहेत.
सचिवांचा फोन. अभिनंदन. घरचं मात्र पेपरात येऊ देऊ नका.
पायपुसणं दोनदा धुतलं, डाग गेला नाही. साबण हलका असावा.

१८ मार्च
सासूबाईंच्या जिन्यात बसून लिहितोय. बायकोने दार साखळीपुरतंच उघडलं. दोघी जबाब द्यायला निघाल्यात. म्हटलं, मी तुमच्या बाजूने साक्ष देतो. बायको म्हणाली, कसली, पायपुसण्याची? खरं आहे. पाहिलं काहीच नाही. पण ऐकलंय. पहिल्या दिवसापासूनचं सगळं, कुठली थप्पड आणि कुठली भिंत तेसुद्धा ओळखू येतं. मेहुण्यांचं नाव घेऊन सांगेन, पेपरात आलं तर येऊ दे. बायको म्हणाली, धाकटीलाच विचारा. दार लागलं.
धाकटे, पोलिसात जाताना मला बरोबर ने. नाहीच म्हणशील, माहीत आहे.