पाऊण इंची पाइप

वूस्टर, १४ मे १९७८

प्रिय बिरुते,

माझं पत्र पाहून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. सत्तरीतही तळघराचा जिना दिवसातून चारदा चढतो-उतरतो. पण आल्दोनाच्या, म्हणजे तुझ्या आईच्या मातीपासून तू आल्गिसशी, सख्ख्या भावाशी, एक शब्दही बोलली नाहीस. चार वर्षं झाली. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

वाफेच्या पाइपांत माझा जन्म गेला, हे तुला माहीत आहे. आपल्या घरात एकाच पाइपातून वाफ वर चढते आणि तिचंच पाणी होऊन खाली उतरतं. पाइप अरुंद असला की दोघांची वाटेत गाठ पडते आणि हातोडा मारल्यासारखे ठोके बसतात. हे मी शिकाऊ पोरांना शिकवत आलो. आणि तरी तुझ्या आईच्या न्हाणीघरात खोली तापवणारा रेडिएटर बसवला तेव्हा एक इंची पाइप हवा असताना पाऊण इंची घातला. का? तर तिथल्या फरश्या तुझ्या वडिलांनी स्वतः बसवलेल्या. कडेच्या फटीतून पाऊण इंचीच जात होता. आल्दोना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "केस्तास, यांच्या फरशीचा टवका जरी उडाला ना, तर याद राख!" मला तिचं मन मोडवेना.

मग काय, रोज सकाळी बॉयलर पेटला की ठणठणाट सुरू. ती जिन्यातून ओरडायची, "अहो मिस्त्री, तुमचा लोहार उठला वाटतं!" उन्हाळ्यात बदलतो म्हणालो. दोन उन्हाळे गेले. आम्हाला त्या आवाजाची सवय झाली.

त्या फेब्रुवारीतल्या सकाळी बर्फ दीड हात साचला होता. म्हाताऱ्या माणसांना प्रार्थनेला जाता यावं म्हणून आल्गिस चर्चच्या पायऱ्या मोकळ्या करायला गेला, आणि तोही आईनेच बजावलं म्हणून. मी दाढी करत होतो. वरच्या मजल्यावरून, तुझ्या आईकडून, ठोके आले. म्हटलं, झालं सुरू. कॉफी ओतली, पुन्हा ठोके. तेव्हा माझ्या पायाखालचा बॉयलर बंद होऊन चांगली वीस मिनिटं झाली होती. बिरुते, वाफ नसेल तर पाइप वाजत नाही. हे माझ्याइतकं या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. मी ऐकलं, मनात काहीतरी टोचलं, आणि तरी मी कॉफी संपवली. दुपारी आल्गिसने न्हाणीघराचं दार ढकललं तेव्हा ती रेडिएटरशेजारी पडली होती, हातात केसांचा ब्रश. त्याच्या दांड्याने ती पाइप वाजवत होती. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर कदाचित वाचली असती.

मातीच्या वेळी सगळ्यांसमोर तू त्याला म्हणालीस, "आईला एकटी टाकून गेलास." मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि मी तुझी पाठ थोपटत राहिलो. त्या क्षणाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आल्गिसला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. वाटलं, अंगावर धावून येईल. पण तो म्हणाला, "काका, तिला सांगू नका. तिचा राग माझ्यावरच असू दे. तुम्हीही गेलात तर तिला इथं कोण उरेल?" आणि मी भित्र्यासारखं ते मानलं. येत्या जूनच्या दुसऱ्या शनिवारी त्याचं लग्न आहे. मुलगी आपल्याच चर्चमधली, ओना. तुला पाठवायची पत्रिका त्याने तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. म्हणून मी त्याला दिलेला शब्द मोडतो आहे. आईच्या जागी त्याच्याजवळ उभं राहायला तू ये. मी त्या दिवशी घरातून बाहेर पडणार नाही, तुला माझं तोंड पाहावं लागणार नाही.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
केस्तासकाका