पाण्याच्या अडथळ्यापाशी

१४ ऑगस्ट

प्रिय ताई, नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग.

आज जागतिक स्पर्धेत पुरुषांची अडथळ्यांची शर्यत झाली. मी पाण्याच्या खड्ड्यापाशी पंच होतो. ती माणसं लाकडी अडथळ्यावर पाय टेकून पाण्यावरून झेपावत, तेव्हा मी श्वास घ्यायचा विसरत होतो. शेवटच्या फेरीत एकाचा मागचा पाय अडथळ्याच्या बाजूनं गेला. हा नियमभंग, म्हणून मी झेंडा वर केला. तो तिसरा आला होता.

मुख्य पंचांनी विचारलं, "नक्की पाहिलंत? पदक जाईल त्याचं." कॅमेऱ्यासमोर नेमका दुसरा धावक आला होता, म्हणजे सगळं माझ्या शब्दावर. चहात साखर घातली का, हे दोनदा बघणारा तुझा भाऊ! तरी हो म्हणालो.

तेवढ्यात तो तिसरा आलेला धावकच आला, ओलाचिंब, लंगडत. म्हणाला, "त्यांना काय छळताय? पाय माझा होता. बाहेरूनच गेला."

एवढंच बोलून तो पहिल्या आलेल्याला मिठी मारायला गेला. ताई, मी अजून थक्क आहे.

तुझा,
धाकटा

उद्या सकाळी: त्याच्या पायाची चौकशी करायला जायचं.