मुलाची मोठी रजा

८ मार्च
परदेशातून मुलाचा फोन. बायकोमुलीसकट येतोय. परत कधी जाणार विचारलं, तर बघू म्हणाला. एवढी मोकळीक साध्या नोकरदाराला मिळत नाही. बढती झालेली असणार. सांगायला लाजतोय.

११ मार्च
पेपरात पुन्हा मंदी. अशा वेळी कंपन्या बिनकामाची माणसं काढतात आणि कामाच्या माणसांना विश्रांती देतात. हिला हे नीट समजावलं. ही ऐकून घेत मागच्या खोलीतलं कपाट रिकामं करत होती. चार दिवसांच्या पाहुण्यांना अख्खं कपाट कशाला?

१३ मार्च
शेजारी पंखे-मिक्सरचं दुकान चालवतात. त्यांचा भाचा वर्षभर घरी बसलाय. मुलाला सांगून त्याला तिकडे चिकटवतो, असा शब्द दिला. उद्या विमानतळावर तेच गाडी काढणार आहेत. माणसं जोडावी लागतात.

१४ मार्च, सकाळी, विमानतळ
विमानाला उशीर. चहा शेजाऱ्यांनीच पाजला. बाहेर येणाऱ्यांच्या ट्रॉल्यांवर डोंगर. एकाने तर शिलाई मशीन आणलंय. शेजारी म्हणाले, ही माणसं कायमचीच परत येतायत की काय. मी म्हटलं, छे, इकडच्या मशीनवर त्यांचा भरवसा नाही.

दुपारी
अजून उशीर. भाच्याचा विषय घरी, जेवणानंतर काढायचा. घाई करायची नाही. ही सकाळपासून गप्प. हात गार पडलेत. एसी फार ठेवतात इथे.

संध्याकाळी, घरी
आले. तीन ट्रॉल्या. नातीची सायकल, इस्त्रीचं टेबल, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. मुलगा वाळलाय. मला राहवेना, विमानतळावरच भाच्याचं बोललो.  मुलाने शेजाऱ्यांकडे वळून, काका, तुमच्या दुकानात हिशेब लिहायला कुणी हवंय का, असं हळूच विचारलं. ते ट्रॉलीवरची बॅग सरळ करत बघू म्हणाले. सून काचेबाहेर बघत होती.

गाडीत विमानं हल्ली किती उशिरा येतात, यावर घरापर्यंत बोललो. कुणी हूं म्हणेना. मलाही थांबता येईना.

घरी आल्यावर हिला बाजूला घेऊन विचारलं, तुला माहीत होतं तर मला का नाही सांगितलं.
सांगितलं होतं, म्हणाली. दोनदा.